आकाशातील उत्तरवाहिनी

काशीस गंगा उत्तरेकडे वळते, आणि त्या वळणाचे माहात्म्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. फाल्गुनाच्या अखेरीस आणि चैत्राच्या आरंभी त्याच वळणावर, पाण्यापासून पुष्कळ उंच, आणखी एक उत्तरवाहिनी वाहू लागते. तिचे माहात्म्य कोणी सांगत नाही. ती पाहावयाची तर मान वर करावी लागते, आणि घाटावर आलेल्या माणसाची दृष्टी स्वभावतःच पाण्याकडे असते. ही दुसरी उत्तरवाहिनी शिकारी पक्ष्यांची आहे. हिवाळ्यापुरत्या गंगेच्या खोऱ्यात उतरलेल्या घारी, पाणथळीवरून खालून खालून उडणारे भोवत्ये, मासळीवर जगणारा कैकर, क्वचित एखादा मोठा गरुड, हे सारे उन्हे तापू लागली की आपल्या विणीच्या प्रदेशाकडे परत निघतात. ते किती निघतात, आणि तो आकडा कोणी व कशासाठी काढावा, ह्याविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

नोकरीच्या निमित्ताने माझे काही काळ वाराणशीस वास्तव्य घडले. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा ह्या बाजूच्या गल्ल्यांतून अजूनही मराठी कानी पडते. पेशवाईच्या काळात, आणि काही तर त्याच्याही आधी, येऊन राहिलेल्या घराण्यांचे वंशज तेथे आहेत. अशाच एका घरी माझे जाणेयेणे असे. घरातील वृद्ध गृहस्थांना सारी गल्ली काका म्हणे, म्हणून मीही काका म्हणू लागलो. एकदा गच्चीवर बसलो असता पलीकडच्या वाळवंटाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तिथे गिधाडं बसायची. रांगाच्या रांगा. पाण्यातून काही वाहत आलं की उतरायची." मी विचारले, "किती असतील, काका?" ते हसले. "मोजायची कशाला? ती होतीच." ती नाहीशी केव्हा झाली, असे विचारताच मात्र त्यांनी बराच वेळ विचार केला. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वेळी ती होती हे त्यांना नक्की आठवत होते, कारण वरपक्षाच्या एका पाहुण्याने ती पाहून नाक मुरडले होते. नातवाच्या मुंजीच्या वेळी नव्हती. ह्या दोन मंगलकार्यांच्या मध्ये केव्हातरी काशीच्या आकाशातून एक पक्षी निघून गेला, आणि रोज पहाटे गंगेवर जाणाऱ्या माणसाला त्याचे साल सांगता येईना.

ह्यात काकांना दोष देण्यात अर्थ नाही. साऱ्या देशाचीच ती गत झाली. पांढऱ्या पाठीचे गिधाड १९८० च्या सुमारास इतके विपुल होते की, मोठ्या शिकारी पक्ष्यांत जगात त्याचीच संख्या बहुधा सर्वांत अधिक असावी, असे जाणकार म्हणत. १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत त्यांतील हजारी नऊशे नव्याण्णव नाहीसे झाले. कारण पुढे सापडले. गुरांना ताप व सूज ह्यांवर टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसात उरते. ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि थोड्याच दिवसांत ते मरते. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. २००६ साली सरकारने जनावरांसाठी ह्या औषधाच्या वापरावर बंदी घातली. गिधाडांना अपाय न करणारे मेलोक्सिकॅम हे औषध त्याच्या जागी आले.

परंतु ह्या हकीकतीतील एक भाग सहसा सांगितला जात नाही, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. नऊशे नव्याण्णव गेले, हे कोणाला कसे कळले? त्याचे उत्तर असे की, १९९१ ते १९९३ च्या दरम्यान बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी देशातील शिकारी पक्ष्यांची पाहणी केली होती. मोटारीतून ठरावीक रस्त्यांनी जावयाचे आणि दिसेल तो शिकारी पक्षी वहीत टिपावयाचा, अशी ती साधी पद्धत होती. गिधाडे तेव्हा सर्वत्र होती. ती मोजणाऱ्यांकडे पाहून गावोगावचे लोक काकांसारखेच हसले असतील. तरीही ती मोजली गेली. २००० साली डॉ. विभू प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच रस्त्यांनी पुन्हा प्रवास केला, आणि दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्यावर संकटाचे खरे रूप प्रथमच आकड्यांत दिसले. पहिली वही नसती तर दुसरीला काही अर्थच उरला नसता. गिधाडे "कमी झाल्यासारखी वाटतात" एवढेच म्हणता आले असते, आणि वाटण्यावरून कोणतेही सरकार औषधावर बंदी घालीत नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

डोळ्यांचा अंदाज आणि प्रत्यक्ष मोजणी ह्यांत किती अंतर पडते, ह्याचा एक जुना धडा खुद्द काशीच्याच इतिहासात आहे. पुढे ब्राह्मी लिपी उलगडल्यामुळे कीर्तिमान झालेला जेम्स प्रिन्सेप हा तरुणपणी, १८२० ते १८३० ह्या काळात, बनारसच्या टांकसाळीत अधिकारी होता. शहराची लोकसंख्या पाच-सहा लाखांच्या घरात आहे असा त्या वेळी समज होता, आणि आधीच्या एका गणनेनेही त्याला दुजोरा दिला होता. प्रिन्सेपने १८२८-२९ मध्ये मोहल्ल्यामोहल्ल्यांतून पद्धतशीर मोजणी केली, तेव्हा ती संख्या दोन लाखांच्या आत भरली. गर्दी पाहून माणूस नेहमी फसतो. घाटावर एका वेळी दिसणारी गर्दी ही शहराची वस्ती नव्हे, आणि आकाशात एका वेळी दिसणारे शंभर पक्षी हे शंभर वेगवेगळे पक्षी असतीलच असेही नाही. तेच दहा पक्षी दहा वेळा डोक्यावरून फिरून गेलेले असू शकतात.

प्रिन्सेपचा तो अहवाल १८३२ साली प्रसिद्ध झाला. योगायोग असा की, त्याच साली विल्यम साइक्स ह्या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनमधील पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवली, आणि तीत आपल्या नेहमीच्या घारीला 'गोविंद' असे नाव दिले. शास्त्रीय परिभाषेत आपली घार आजही ह्या गोविंदनामानेच ओळखली जाते. साइक्सचे सरकारी काम पक्षी पाहण्याचे नव्हते. दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी मुंबई सरकारने त्याला नेमले होते, आणि पुढे १८६३ साली तो लंडनच्या सांख्यिकी संस्थेचा अध्यक्षही झाला. पुण्याकडच्या घारीचे नाव एका मोजणी-अधिकाऱ्याने ठेवावे, ही गोष्ट मला, एक सरकारी नोकर म्हणून, फार आवडते.

ही गोविंद घार बारमाही आपल्याजवळ राहते. शहरातील उंच झाडांवर ती घरटे करते, आणि संतांनी आईच्या मायेसाठी जिची उपमा दिली ती हीच. परंतु हिवाळ्यात तिच्या जोडीला दुसरी एक घार उत्तर हिंदुस्थानात येते. ती आकाराने थोडी मोठी, पोटाकडे फिकी, पंखांखाली पांढुरक्या डागाची आणि डोळ्यामागे काळसर पट्टा असलेली असते. तिला काळ्या कानांची घार म्हणतात. शहरांच्या कडेला जेथे कचऱ्याचे ढीग असतात तेथे ह्या दोन्ही घारी एकाच पंगतीला बसतात. सामान्य माणसाला त्यांतील भेद कळत नाही, आणि अनुभवी निरीक्षकालाही उंचावरच्या पक्ष्याबद्दल पुष्कळदा शपथ घेता येत नाही. चैत्र आला की मात्र एक घार राहते आणि दुसरी जाते.

ती कोठे जाते, हे अलीकडेपर्यंत कोणालाही निश्चित ठाऊक नव्हते. दिल्लीच्या पूर्व सीमेवर गाझीपूर नावाचा कचऱ्याचा प्रचंड डोंगर आहे. (वाराणशीला लागून असलेला गुलाबपाण्याचा गाझीपूर जिल्हा तो हा नव्हे, नावापलीकडे दोहोंत साम्य नाही.) तेथे हिवाळ्यात येणाऱ्या काळ्या कानांच्या १९ घारींच्या पाठीवर देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या व ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारी छोटी यंत्रे बसवली. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. ह्या घारी ३,३०० ते ४,८०० किलोमीटर प्रवास करून कझाकस्तान, रशिया, चीन आणि मंगोलिया ह्या चार देशांच्या सीमा जेथे एकत्र येतात त्या प्रदेशात जाऊन राहतात. दिवसाला सरासरी २६९ किलोमीटरचा पल्ला त्या मारतात. वाटेत हिमालय त्या टाळीत नाहीत. काराकोरम पर्वतातील के-टू शिखराच्या परिसरातून त्या थेट पलीकडे जातात, आणि तेथे त्यांची उंची ६,५०० मीटरपर्यंत नोंदली गेली आहे. आपल्या कचऱ्याच्या गाडीवर झडप घालणारा पक्षी पुढे मंगोलियाच्या सीमेवर पिलांना भरवीत असतो, हे मला प्रथम वाचले तेव्हा खरे वाटले नाही.

एवढा प्रवास ह्या जड पक्ष्यांना परवडतो कसा, हे समजल्याशिवाय त्यांच्या मोजणीची रीतही समजणार नाही. घार किंवा गरुड पंख हलवीत लांबचा प्रवास करीत नाही; तसे केले तर साठवलेली चरबी वाटेतच संपेल. सूर्य वर आला की जमीन तापते, पण सर्वत्र सारखी तापत नाही. वाळू, नांगरलेले शेत, खडक हे लवकर तापतात. पाणी आणि गर्द झाडी उशिरा. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होऊन खांबासारखी वर चढते. पक्षी त्या खांबात शिरतो, पंख ताणून गोल गोल फिरतो आणि श्रमावाचून शेकडो मीटर वर उचलला जातो. खांबाची शक्ती संपली की तो पंख किंचित आखडून इच्छित दिशेने घसरत जातो, उंची गमावतो, आणि पुढच्या खांबाशी पोहोचून पुन्हा चढू लागतो. साऱ्या वाटेचे गणित ह्या चढण्या-घसरण्यात आहे. म्हणूनच हे पक्षी मोठे जलाशय टाळतात. पाण्यावर असे खांब उठत नाहीत.

वाराणशीचा भूगोल ह्या दृष्टीने मोठा बोलका आहे. पश्चिम काठावर दगडी घाटांची आणि घरांची सलग रांग, आणि पूर्व काठावर, पावसाळा ओसरल्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत, रुंद वाळवंट. सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास ते वाळवंट तापू लागते, आणि रात्रभर झाडांवर बसलेल्या घारी एकेक करून त्याच्यावर येऊन फिरू लागतात. पंचगंगेच्या वरच्या एखाद्या गच्चीवरून हे दृश्य समोरच्या रंगमंचासारखे दिसते. चैत्रात पछुआ वाहू लागला, म्हणजे पश्चिमेकडचा कोरडा वारा सुटला, की ते खांब तिरपे होतात आणि फिरणारे पक्षी पूर्वेकडे वाहत जाताना दिसतात. नवख्याला वाटते की सारे पूर्वेला चालले. वस्तुतः ते फक्त चढत असतात. कोठे जावयाचे ते वर पोहोचल्यावर ठरते.

आम्ही, म्हणजे मी, काका आणि त्यांचा कॉलेजात जाणारा नातू, एका चैत्रात ही मोजणी करावयास बसलो. पहिल्या दिवशीची फजिती सांगण्यासारखी आहे. समोर घारींचे मोठे चक्र फिरत होते. मी मोजू लागलो. तीस झाल्या, चाळीस झाल्या, तेवढ्यात चक्र फिरले आणि आधी मोजलेली कोणती व न मोजलेली कोणती हे समजेना. नातवाचा आकडा माझ्याहून दीडपट आला. काका म्हणाले, "दोघांची बेरीज करून निम्मं करा," आणि सरकारी कचेऱ्यांतून ही पद्धत अज्ञात आहे असे मला छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

जाणकार चक्र मोजीतच नाहीत, हे मला मागाहून समजले. चक्राच्या माथ्यावर पोहोचलेला पक्षी जेव्हा बाहेर पडून घसरू लागतो, तेव्हा त्याच्या मागे दुसरा, तिसरा असे सारे एका ओळीत निघतात. त्या ओळीवर दुर्बीण स्थिर धरावयाची आणि एक मनातली रेघ ओलांडणारा प्रत्येक पक्षी मोजावयाचा. संख्या फार असेल तर दहादहांचे गट करावयाचे. एकाने पाहावयाचे व मोजावयाचे, दुसऱ्याने लिहावयाचे. प्रत्येक तासाला वाऱ्याची दिशा, ढग, दृष्टीचा पल्ला ह्यांची नोंद करावयाची, कारण आकडा कमी आला तो पक्षी नव्हते म्हणून की धुळीत दिसले नाहीत म्हणून, हे त्यावाचून कळत नाही. निरभ्र निळे आकाश पाहून आपण खूश होतो, पण मोजणाऱ्याला ते गैरसोयीचे. उंचावरचा काळा ठिपका निळ्यात हरवतो आणि पांढऱ्या ढगावर चटकन दिसतो. आणखी एक नियम म्हणजे, ज्या तासात एकही पक्षी गेला नाही त्या तासापुढे शून्य लिहावयाचे, जागा कोरी ठेवावयाची नाही. २०११ च्या जनगणनेचे काम मी पाहिले होते. तेथेही कुलूपबंद घराची नोंद करावीच लागते. कोरी जागा आणि शून्य ह्यांतील फरक ज्याला कळला त्याला निम्मी सांख्यिकी कळली, असे आमचे एक वरिष्ठ म्हणत.

इतके करूनही काशीच्या गच्चीवरून केलेली मोजणी अपुरीच राहते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गंगेचे मैदान सपाट आहे, आणि सपाट मैदानावरून पक्षी विस्तीर्ण आघाडीने जातात. आपल्या डोक्यावरून गेलेले दिसतात. दहा कोसांवर मिर्झापुराकडून किंवा जौनपुराकडून गेलेले कोणाला दिसणार? शिवाय मुक्कामाच्या गोविंद घारी त्यांत मिसळलेल्या असतात. म्हणून खरी मोजणी जेथे वाट अरुंद होते तेथे होते. पूर्वी शहरात येणारा माल मोजावयाचा तर शेताशेतांतून न हिंडता जकात नाक्यावर बसत, तसेच हे आहे.

असे निसर्गनिर्मित नाके जगात ठिकठिकाणी आहेत. तांबड्या समुद्राच्या टोकाशी इस्राएलमधील एलात हा त्यांतील वसंत ऋतूचा सर्वांत प्रसिद्ध नाका. आफ्रिकेतून युरोप-आशियाकडे परतणारे पक्षी समुद्र टाळण्यासाठी तेथे एकवटतात. १९८५ च्या वसंतात तेथे दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी मोजले गेले. आपल्या बाजूला हिमालयाची दक्षिण कड हाच नाका आहे. डोंगराच्या उतारावर आदळून वर चढणारा वारा पक्ष्यांना आयताच आधार देतो, आणि ते कडेकडेने जातात. गवताळ स्टेप प्रदेशातले मोठे गरुड नेपाळात शरद ऋतूत ह्याच कडेने पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात, ह्याचा वृत्तांत रॉबर्ट फ्लेमिंग ह्यांनी १९८३ साली आपल्या मुंबईच्याच बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दिला. पोखऱ्याजवळ ठूलाखर्क येथे हल्ली दर शरदात त्यांची मोजणी होते. आपल्या देशात धरमशाळेजवळ, धौलाधारच्या पायथ्याशी, यान विलेम देन बेस्टेन ह्या डच निरीक्षकाने २००१ चा शरद आणि २००२ चा वसंत असे दोन हंगाम बसून हजारो गरुड मोजले. वसंतातही त्याने मोजणी केली, हे मला विशेष मोलाचे वाटते.

कारण शरद आणि वसंत ह्या दोन मोजण्या एकच गोष्ट सांगत नाहीत. शरदात येणाऱ्या थव्यांत त्या वर्षी जन्मलेली पिले असतात. मुद्दल आणि व्याज दोन्ही एकत्र मोजली जातात. वसंतात परत जातात ते हिवाळा निभावलेले पक्षी. वाटेतले अपघात, विजेच्या तारा, विषारी मांस, उपासमार ह्यांतून जे वाचले तेवढेच. पुढच्या विणीला हाती उरणारे भांडवल ते हेच. आपला देश हा ह्या पक्ष्यांचा हिवाळी मुक्काम असल्यामुळे, आपल्या मुक्कामात त्यांचे काय झाले ह्याचा हिशेब वसंतातच मिळू शकतो. असे असून जगात आणि आपल्याकडेही वसंतातल्या मोजण्या थोड्या होतात. ह्याची कारणे व्यवहारातली आहेत. परतीची घाई असल्यामुळे पक्षी लवकर निघून जातात. ऊन कडक झाल्यामुळे हवेचे खांब इतके उंच चढतात की पक्षी नजरेच्या पल्याड जातो. आणि धुळीने आकाश मळते. निरीक्षकांचाही उत्साह एप्रिलच्या उन्हात टिकत नाही, हे मी मान्य करतो.

मोजणीतून काय निघू शकते ह्याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका डोंगरधारेवर दर शरदात शिकारी बंदुका घेऊन जमत आणि खालून-वरून जाणारे ससाणे नि गरुड केवळ मौजेखातर पाडीत. १९३४ साली रोझली एज ह्या बाईंनी तो डोंगर भाड्याने घेतला, मॉरिस ब्रून ह्या तरुणाला राखणदार नेमले आणि बंदुका बंद केल्या. हॉक माउंटन ह्या नावाने तो डोंगर आज प्रसिद्ध आहे. ब्रून रोज बसून पक्षी मोजू लागला, एवढेच नव्हे तर पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत प्रौढ किती आणि लहान किती हेही लिहू लागला. १९३५ ते १९३९ ह्या पहिल्या वर्षांत शंभर गरुडांमागे चाळीस लहान असत. १९५५ ते १९५९ मध्ये ते वीसवर आले. १९५७ साली तर बत्तीस प्रौढांमागे एकच लहान पक्षी दिसला. गरुड दिसत होते, म्हणून कोणाला चिंता वाटत नव्हती. पण ते म्हातारे गरुड होते. पिले निपजेनाशी झाली होती. कीटकनाशकांवरील आपल्या १९६२ सालच्या ग्रंथात रेचेल कार्सन ह्यांनी हे आकडे पुराव्यादाखल मांडले, आणि डीडीटीविरुद्धच्या खटल्यात एका राखणदाराची वही साक्षीला उभी राहिली.

आज आपल्याला अशीच चिंता स्टेप गरुडाची वाटावयास हवी. एलातला १९८५ च्या वसंतात हे गरुड सुमारे पंचाहत्तर हजार मोजले गेले. नंतरच्या वर्षांतील आकडे त्या मानाने फारच थोडे आहेत. २०१५ साली ह्या गरुडाची गणना आंतरराष्ट्रीय यादीत धोक्यातील जातींत झाली. हिवाळ्यात तो राजस्थानपासून गंगेच्या खोऱ्यापर्यंत येतो आणि मेलेल्या गुरांवर गिधाडांबरोबर उतरतो. बिकानेरकडे मेलेल्या अशा दोन गरुडांच्या शरीरांत डायक्लोफेनॅक सापडल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. ज्या औषधाने गिधाडे गेली तेच गरुडालाही मारू शकते, असा त्याचा अर्थ. २०२३ साली सरकारने केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ह्या आणखी दोन औषधांवर जनावरांपुरती बंदी घातली, ही समाधानाची गोष्ट. पण बंदीचा उपयोग किती झाला हे कागदावरून कळत नाही. ते चैत्रात डोंगराच्या कडेने परत जाणाऱ्या गरुडांच्या संख्येवरूनच कळेल.

उपग्रहाची यंत्रे आली, आता माणसाने मान दुखवून बसण्याचे कारण काय, असा प्रश्न मला एका विद्वान मित्राने केला. यंत्र एका पक्ष्याची संपूर्ण वाट सांगते, आणि ते काम मोजणारा माणूस कधीच करू शकणार नाही. परंतु १९ घारींची वाट कळली म्हणजे एकूण घारी किती हे कळले असे नव्हे. एका यात्रेकरूची रोजनिशी आणि यात्रेची शिरगणती ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. उलट, हौशी माणसांच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र आल्या तर त्यांचे बळ केवढे होते, हे २०२३ सालच्या भारतीय पक्षिस्थितीच्या अहवालाने दाखविले आहे. तीस हजारांवर पक्षिनिरीक्षकांनी मोबाइलवरून व संगणकावरून कळविलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर तो आधारलेला असून ९४२ जातींचा त्यात विचार केला आहे. शिकारी व मृतमांस खाणाऱ्या पक्ष्यांची स्थिती त्यात विशेष काळजी करण्यासारखी आढळली. ह्या नोंदी करणाऱ्यांत शिक्षक आहेत, बँकेतील कारकून आहेत, शाळेतील मुले आहेत. पुण्यातील एखादी टेकडी, नागपूरचा तलाव, बडोद्याची किंवा इंदूरची गच्ची, कोठूनही ती करता येते; फक्त तारीख, वेळ आणि जागा बरोबर लिहावी, आणि ओळख पटली नाही तर "घार, जात अनिश्चित" असे लिहिण्याची लाज वाटू देऊ नये.

आमची चैत्रातली मोजणी तीन आठवडे चालली. पहिल्या आठवड्यानंतर आकडे विश्वास ठेवण्याजोगे येऊ लागले, आणि मग काकांनी लेखनाचे काम स्वतःकडे घेतले. जुन्या जमाखर्चाच्या लाल वहीत ते मोडी वळणाच्या देवनागरीत तास, वारा आणि संख्या लिहीत. त्यांचा उत्साह पाहून मला मनातून वाटे की, त्यांना समोरच्या वाळवंटावरची गिधाडे आठवत असावीत. पण त्यांनी तसे कधी म्हटले नाही. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी पछुआ सकाळपासूनच सुटला होता आणि पलीकडचा काठही धुळीने दिसेना. गच्चीवरच्या त्याच दोन गोविंद घारी तेवढ्या कठड्याजवळून फेऱ्या मारीत होत्या. बारा वाजता मी दुर्बीण पेटीत ठेवली आणि उठलो. काकांनी हात करून मला थांबविले, चष्मा लावला, आणि नऊ ते दहा, दहा ते अकरा, अकरा ते बारा अशा तीन ओळी आखून प्रत्येकीपुढे सावकाश एक एक शून्य काढले.